जनरलसाहेबांची एकेचाळीस पत्रं

मागच्याच्या मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी निझव्याच्या जनरलसाहेबांवर एक लेख लिहिला होता. बऱ्याच जणांना तो आवडला. गणपतीच्या आरतीनंतर लोक जवळ येऊन माझा हात हातात घेत होते. एका बाईंनी तर तो अख्खा लेख फोनवरून पुण्याच्या आपल्या आईला वाचून दाखवला. त्या लेखाच्या शेवटी मी असं लिहिलं होतं की, ज्या आयांचे मुलगे जनरलसाहेबांच्या हुकमामुळे मेले, त्या आयांनी त्यांना पत्रं लिहून माफ केलं आणि जनरलसाहेब ताठ मानेने आपल्या देशी परत गेले.

हे खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मस्कतजवळ अल खौदला मुलीकडे राहतो, सकाळी विद्यापीठाच्या भिंतीकडेने फिरून येतो. डोळे आणि हात अजून शाबूत आहेत, तोवर खरं काय ते लिहून ठेवतो.

ओमानातल्या निझव्यात सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. व्हिसाचे फॉर्म, भाडेकरार, शाळेचे अर्ज, साहेबाला रजेची विनंती, असली कामं. तिथे एक दिवस अर्बाब, म्हणजे ज्यांच्या नावावर माझं दुकान होतं ते वयस्कर ओमानी गृहस्थ, एका उंच आफ्रिकन माणसाला घेऊन आले. अर्बाबचं लहानपण आफ्रिकेत गेलं होतं. तिथली भाषा ते अरबीपेक्षा बरी बोलत. म्हणाले, "हा माझा मित्र आहे. आजपासून माझ्या गोदामात बसेल. याचे कागद कर."

कागद करताना मी विचारलं, "आधीचा व्यवसाय?"

त्या माणसाने थोडा विचार केला. म्हणाला, "सेनापती लिहिलं तर अडचण येईल का?"

मी मान वर करून पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांच्या देशात अकरा वर्षं यादवी चालली होती आणि त्यातल्या एका बाजूच्या साऱ्या फौजा या माणसाच्या हाताखाली होत्या. तह झाला, दोन्ही बाजूंना माफी मिळाली, पण तिथे राहणं त्यांना जमेना. मी फॉर्मवर 'स्टोअरकीपर' टाईप केलं. बाजारात मात्र पहिल्या आठवड्यातच सगळे त्यांना जनरलसाहेब म्हणायला लागले. त्यांचं आणि माझं बोलणं इंग्रजीत चाले. इथे मराठीत देतो.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे ते कुणालाही कसलाही हुकूम करत नसत. मुळीच नाही. गोदामात पीव्हीसी पाईप, टाइल्स, कमोडची भांडी. हाताखाली चार बंगाली मजूर. दुसरा कुणी असता तर दिवसभर 'यल्ला यल्ला' करत ओरडला असता. जनरलसाहेब मागे हात बांधून उभे राहत आणि म्हणत, "हे पाईप उन्हात वाकतील असं मला वाटतं." मग वाट बघत. मजूर एकमेकांकडे बघत. शेवटी कुणीतरी पाईप उचलून आत नेई. जनरलसाहेब त्याला "आभारी आहे" म्हणत, आणि तो बिचारा ओशाळून जाई.

चहावाला मल्याळी तर अगदी कावला होता. जनरलसाहेब त्याला म्हणत, "आता चहाची वेळ झाली असावी."

"साब, चाय मंगता या नहीं मंगता? सीधा बोलो ना!"

"मिळाला तर मी नाही म्हणणार नाही."

समोर दाऊदभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. दाऊदभाई मूळचे श्रीवर्धनच्या बाजूचे, चाळीस वर्षं निझव्यात. एकही गोष्ट मनात ठेवायची नाही हा त्यांचा स्वभाव. ते खिळे मोजता मोजता मला म्हणत, "काय रं भाव, तुजा जनरल लढाईत काय करीत असंल? 'तिकडं दुश्मन हाय असा मना वाटते' असा बोलायचा आन शिपाई विचार करीत बसायचे?" आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा हसलो हे खरं आहे.

दुसरी तऱ्हा आईच्या नावाची. नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत आणि लगेच पुढचा प्रश्न, "आणि आईचं नाव?" आपल्याकडे यात काही वावगं नाही, पण इकडच्या पुरुषांना चारचौघांत आईचं नाव घेणं आवडत नाही. एकदा एका ट्रकवाल्या ओमानी माणसाला विचारलं. त्याने काठीच उगारली. अर्बाब मध्ये पडले म्हणून थोडक्यात निभावलं. नंतर मी त्यांना विचारलं, "हे काय खूळ घेऊन बसलात?"

ते म्हणाले, "फौजेच्या हजेरीपटावर बापाचं नाव असतं. मुलगा मेला की निरोप बापाच्या नावाने जातो. पण दारात उभी कोण असते? तिचं नाव आमच्याकडे कुठेच नसे." मग मलाच विचारलं, "तुमच्या आईचं काय?"

"आनंदी," मी म्हटलं. तिला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. त्या काळात तिचं नाव माझ्या तोंडून निघालंच नसेल. त्यानंतर दर सोमवारी ते दुकानात आले की "आनंदीचा मुलगा कसा आहे?" असं विचारत.

गोदामामागे त्यांनी पाण्याच्या कापलेल्या कॅनमध्ये टोमॅटो लावले होते. कुठेही, कसेही, एक कॅन इकडे, एक पार भिंतीशी. माझी शिस्तीची सवय. एका शुक्रवारी मी ते सगळे रांगेत मांडून दिले. ते आले, बघितलं आणि काही न बोलता एकेक कॅन उचलून पुन्हा विस्कटून ठेवले. म्हणाले, "रांगेत उभे केले की मला ते मोजावेसे वाटतात."

आता वादीची हकीकत. निझव्यात सूकच्या कडेने वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र आहे. वर्षभर त्यात पाणी नसतं म्हणून लोक खुशाल त्यात गाड्या लावतात. शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, तेव्हा तर पात्रात पाय ठेवायला जागा नसते. त्या शुक्रवारी निझव्यात लख्ख ऊन होतं. डोंगरावर तेवढे ढग दिसत होते. मी आणि जनरलसाहेब पुलाच्या कठड्याशी उभे होतो. पात्रात गाड्यांच्या मधे बायका-मुलं, बकऱ्या चढवणारे लोक, सगळा गोंधळ.

जनरलसाहेबांनी एकदम मान तिरकी केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पुढच्या क्षणी त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी जन्मात ऐकला नाही. कुठल्या भाषेत ओरडले तेही मला कळलं नाही. पण खालची माणसं जिथल्या तिथे थबकली आणि ते हाताने दाखवत होते त्या काठाकडे धावत सुटली. एका माणसाला गाडी काढायची होती. जनरलसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं बोट रोखलं, तो किल्ली टाकून पळाला. दोन पोलीस होते, तेसुद्धा त्यांच्या शब्दाबरहुकूम पोरं उचलून वर देऊ लागले. मग पाणी आलं. तपकिरी, दगड घेऊन आलेलं. डझनावारी गाड्या खेळण्यासारख्या वाहून गेल्या. माणूस एकही गेला नाही.

लोक त्यांना उचलून घ्यायच्या बेतात होते. त्यांनी कठड्याला टेकून उलटी केली. मी त्यांना गोदामातल्या खोलीवर नेलं. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आले, खुर्चीवर बसले नाहीत, म्हणाले, "आवाज अजून तसाच आहे. मला वाटलं होतं, गेला असेल."

मग म्हणाले, "मला काही पत्रं पाठवायची आहेत. एकेचाळीस. तुम्हाला जमेल का?"

त्या पत्रांमागची गोष्ट अशी. लढाई थांबवायची असं दोन्ही बाजूंत वायरलेसवर ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बंदुका खाली ठेवायच्या. एका गावाचं पंपहाऊस दुसऱ्या बाजूकडे होतं. जनरलसाहेबांनी विचार केला, तहाला बसताना पाणी आपल्या हातात असलं तर बरं. सैनिकांना काही न सांगता त्यांनी पहाटे हल्ल्याचा हुकूम दिला. दहा वाजता पंपहाऊस त्यांच्या ताब्यात आलं. बारा वाजता लढाई थांबली. एकेचाळीस मुलं गेली. ऊन फार होतं म्हणून तिथेच पुरली. कोण कुठे पुरला हे जनरलसाहेबांनी स्वतः उभं राहून आपल्या खिशातल्या डायरीत लिहून घेतलं, एका पानावर एक मुलगा. पुढच्या गडबडीत त्या घरांना 'मुलगा लढाईत कामी आला' एवढाच निरोप गेला.

"पत्रं तुम्ही स्वतः का लिहीत नाही?" मी विचारलं.

"तो हुकूम माझ्या हातचा लिहिलेला होता. तेच अक्षर त्या घरांत जायला नको. सही तेवढी करीन."

शिवाय त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डायरीतलं स्वतःचं मोठं अक्षर त्यांना कसंबसं दिसे. ऑपरेशनचं नाव काढलं की हा सरसेनापती लहान मुलासारखा विषय बदलत असे.

मी चिपळूणला क्लासमध्ये शॉर्टहँड शिकलो होतो. ते बोलत, मी वहीत रेघोट्या ओढी, मग वहीतून त्यांना वाचून दाखवी, आणि ते गेल्यावर टाईप करी. पहिलं पत्र आजही मला तोंडपाठ आहे.

"आई, तुमचा मुलगा माझ्या हुकमामुळे मेला. त्या दुपारी लढाई थांबणार हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. तो पंपहाऊसच्या मागे, पाण्याच्या चरापासून नऊ पावलांवर, आणखी दोघांबरोबर पुरलेला आहे. डोकं पूर्वेला. त्याच्या पायात बूट नाहीत. ते आम्ही दुसऱ्याला दिले."

सांगून झाल्यावर त्यांनी डायरीतलं ते पान फाडलं आणि चहावाल्याच्या शेगडीत घातलं. म्हणाले, "आता हे त्या घरी गेलं. माझ्याजवळ राहायला नको." प्रत्येक पत्राला त्यांनी तसंच केलं.

ते गेल्यावर मी टाईप करायला बसलो आणि माझा हात चालेना. ओमानला येण्याआधी मी बारा वर्षं आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहीत होतो. आमच्या धंद्यात माणसाची चूक त्याच्या तोंडून तशीच्या तशी लिहायची नसते. एका शिपायाने पिऊन हेडक्लार्कच्या डोक्यात शाईची बाटली घातली होती. मी लिहिलं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे अनवधानाने अनुचित वर्तन घडले.' त्याची नोकरी वाचली, माझं नाव झालं. कुठलाही कडू कागद मऊ करून द्यायचा हीच माझी विद्या.

मी टाईप केलं: 'आपल्या सुपुत्राने कर्तव्य बजावताना देह ठेवला. मातृभूमीच्या कुशीत तो चिरविश्रांती घेत आहे. त्याच्या शौर्याला मी विनम्र अभिवादन करतो.' दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटाने सहीची जागा चाचपून सही केली.

मी स्वतःला सांगितलं, त्या माउलीला बुटांचं कशाला सांगायचं. ही माझी दया होती असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. पत्रांवर पत्ता माझ्या दुकानाच्या पोस्टबॉक्सचा होता. असली कबुली कुणा अधिकाऱ्याच्या हाती लागली आणि चौकशी झाली तर माझा परवाना, माझा व्हिसा? मुलीचं शिक्षण चालू होतं.

चार वर्षांत एकेचाळीस पत्रं गेली. कधी एका सकाळी एक होई, कधी तीन आठवडे एक वाक्यसुद्धा नाही. एकेचाळीसही मी बदलली. वह्यांत एक, कागदावर दुसरं.

आणि उत्तरं यायला लागली. गावचे मास्तर किंवा पाद्री त्या आयांच्या वतीने लिहीत. पहिलं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं. "आपले पत्र आम्ही काच लावून भिंतीवर टांगले आहे. एवढ्या मोठ्या माणसाने आठवण ठेवली. देव आपले भले करो."

जनरलसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"बुटांबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"दुपारी बाराबद्दल?"

"नाही."

"विलक्षण बाई आहे," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

उत्तरांमागून उत्तरं आली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस बदलत गेला. ते हसायला लागले. दाऊदभाईंच्या दुकानात बसून कॅरम खेळायला लागले. एका सोमवारी चहावाल्याला सरळ "दोन चहा दे" म्हणाले. तो मल्याळी हातातली किटली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. त्यांना वाटत होतं, सगळं कळूनही त्या बायकांनी माफ केलंय. आता मी तोंड उघडलं असतं तर त्यांचं ते सगळं काढून घेतल्यासारखं झालं असतं. असं म्हणून मी पुन्हा माझ्याच भित्रेपणाला दयेचं नाव दिलं.

मग त्यांनी ठरवलं, परत जायचं. प्रत्येक घरी जायचं, भेटायचं. त्यासाठी त्यांनी मस्कतला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा करून घेतलं. पट्टी काढल्यावर मला म्हणाले, "आनंदीच्या मुला, तुझं नाक एवढं वाकडं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं." बसस्टँडवर मी त्यांची बॅग वर ठेवली. त्यांनी मला मिठी मारली. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. बस सुटायला दहा मिनिटं होती. मी त्यांना खजुराचा डबा दिला.

दोन महिन्यांनी गणपतीत तो लेख छापून आला.

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. पहिल्याच घरी त्या आईने भिंतीवरून फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली होती. 'तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच वाचा.' सगळं गाव जमलेलं. त्यांनी नव्या डोळ्यांनी वाचलं.

"ते माझं पत्र नव्हतं," ते म्हणाले. "मी फ्रेम खाली ठेवली आणि माझं पत्र तोंडाने सांगितलं. बुटांपर्यंत."

"मग?"

"ती आत गेली. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर बसलो तर आतून तिने एकच विचारलं. कुठे? पण नऊ पावलं कुठून, हे मला सांगता आलं नाही. एकेचाळीस मुलं आहेत, आणि माझ्या डोक्यात सगळ्यांची पावलं एकमेकांत मिसळली आहेत. पानं मी जाळली. तुमच्या वह्या आहेत ना?"

वह्या माझ्या कपाटात होत्या. सात वह्या, रबर लावून ठेवलेल्या.

मी म्हणालो, "नाहीत. दुकान बंद करून मुलीकडे आलो तेव्हा टाकल्या." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे मी म्हटलं, "आणि जनरलसाहेब, पत्रं मऊ करायला तुम्हीच सांगितलं होतं. विसरलात तुम्ही."

मग ते म्हणाले, "असेल. म्हातारा झालोय मी." आणि फोन ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ लहानमोठ्या लबाड्या केल्या. पण एका माणसाला त्याच्या स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावणं, याच्यासारखं वाईट मी दुसरं काही केलेलं नाही. आणि ते करून मी आठ महिने गप्प बसलो.

त्या उन्हाळ्यात दाऊदभाई मस्कतला इस्पितळात तपासणीला आले आणि आमच्याकडे उतरले. दुपारी मुलगी कामावर गेली होती. जनरलची गोष्ट निघाली. ते नेहमीसारखे चेष्टेत म्हणाले, "मंग? तुजा जनरल तिकडं राजा झाला का न्हाय?" आणि का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. वह्यासुद्धा काढून दाखवल्या.

दाऊदभाईंनी चहा बाजूला सारला.

"माजा बाप लाँचवर होता, ठाव हाय ना तुना? श्रीवर्धनसून दुबयला निंगाला, तो परत आयलाच नाय. लाँच बुडली का कुटं लागली, कोन बोलला नाय. माजी आय चाळीस वर्सं जगली. इद्दतला, नवरा मेल्यावरच्या सुतकाला, बसली नाय ती. कशी बसनार? बाप मेला असा कोन सांगितलाच नाय. विधवा हाय का सवाष्ण हाय, तिला सवताला म्हाईत नाय." त्यांनी वहीवर बोट आपटलं. "लाँचवाल्यांना ठाव नव्हता, म्हनून सांगितला नाय. तुज्याकडं लिवलेला हाय. एकेचाळीस आया हायत तिकडं, आन तू हितं एसी लावून बसलायस?"

"आता काय तोंडाने सांगू, दाऊदभाई?"

"ज्या तोंडानं खोटा बोललास त्याच तोंडानं. दुसरा हाय का तुज्याकडं? लाव फोन."

ते समोरून हलले नाहीत. मी फोन लावला. जनरलसाहेबांनी उचलला तेव्हा मी नमस्कार-चमत्कार काही न करता सांगून टाकलं. पत्रं मी बदलली. तुम्ही सांगितलं नव्हतं. वह्या आहेत.

मला वाटलं होतं ते चिडतील, निदान फोन ठेवतील. ते म्हणाले, "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"हो."

"माझं डोकं ठीक आहे."

"अगदी ठीक आहे."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो मला इथे अल खौदमध्ये ऐकू आला. मग म्हणाले, "मी घरी येणाऱ्या-जाणाऱ्याची नावंसुद्धा लिहून ठेवायला लागलो होतो. म्हटलं, विसरत असेन." दाऊदभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, आपल्या मोडक्या इंग्रजीत "जनरलसाब, कॅरम?" एवढंच विचारलं आणि डोळे पुसत माझ्याकडे परत दिला.

एकेचाळीस पत्रं पुन्हा टाईप करायला मला पाच महिने लागले. पहिलं पत्र पाठ होतं, बाकीच्यांचं तसं नव्हतं. स्वतःचंच शॉर्टहँड इतक्या वर्षांनी वाचायचं म्हणजे अनोळखी माणसाचं बोलणं भिंतीआडून ऐकण्यासारखं. चहाचे डाग पडलेले, कुठे पेन्सिल पुसट झालेली. बत्तीस पत्रं नीट लागली, ती पाठवली. त्यांच्याबरोबर प्रत्येक घरी माझं स्वतःचं एक पत्र गेलं. ते मुलीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, फार कडक झालंय. निदान 'दुर्दैवाने' तरी घाला कुठेतरी."

मी नाही घातलं. त्यात दोनच वाक्यं होती. 'तुमच्या मुलाची जागा जनरलसाहेबांनी मला सांगितली होती. मी ती कागदावर उतरवली नाही.' खाली माझं नाव आणि पत्ता.

काही घरांनी उत्तर दिलं नाही. एका बापाने लिहिलं, तुम्ही नऊ वर्षं आमची फसवणूक केलीत. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. जनरलसाहेब अजून तिथेच राहतात, मिशनच्या आवारातल्या एका खोलीत. कुणी त्यांना घरात घेत नाही. पण परवा सांगत होते की पहिल्या घरच्या त्या आईने फाटकाबाहेर एक स्टूल आणून ठेवलंय. बस म्हणाली नाही, नुसतं ठेवून गेली. ते त्यावर बसतात.

यंदा जानेवारीत, तिकडे कोरडा हंगाम असताना, सगळे पंपहाऊसवर जमले. सरकारी माणसं होती, डॉक्टर होते, पाद्री होते. नऊ पत्रं माझ्या वहीत अर्धवट लागत होती, तेव्हा ठरलं की मी इथून व्हिडिओ कॉलवर वाचायचं आणि जनरलसाहेबांनी तिथे उभं राहून जागा आठवायची. माझं अर्धं आणि त्यांचं अर्धं. मी सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसलो. पहिल्यापासून सुरुवात केली. मी वाचे, जनरलसाहेब पावलं टाकत, माणसं हळूहळू माती काढत. चरापासून नऊ पावलांवर तिघं सापडले. एकाच्या पायात बूट नव्हते.

नीट लागलेली बत्तीस पत्रं वाचून झाली तेव्हा कुणीतरी फोन घेतला. पडद्यावर एक म्हातारी बाई आली. डोक्याला निळं फडकं, हाताला माती. तिने मला निरखून पाहिलं. मी मान खाली घालणार होतो, पण तसं केलं असतं तर तिला माझा चेहरा दिसला नसता. ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली. लांबलचक. जनरलसाहेब मागेच उभे होते.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काही नाही."

"मऊ करू नका," मी म्हणालो.

जनरलसाहेब हसले असं मला वाटलं. पडदा हलत होता. म्हणाले, "ती म्हणते, हा माणूस दिसायला वाटतो तेवढा वाईट नाही, पण वाईट आहे. म्हणते, नऊ बायका अजून उन्हात उभ्या आहेत. त्याला सांगा, दोन घास खाऊन घे आणि पुढचं वाच."

मुलीने टेबलावर पोळीचा लाडू ठेवला होता. मी तो खाल्ला, पाणी प्यायलो आणि चष्मा पुसून सातवी वही उघडली.

"पंपहाऊसच्या दाराकडे पाठ करा," मी म्हटलं. "डावीकडे एक मोडकी भिंत आहे. तिच्या टोकापासून सात पावलं."